दुसरी वाहिनी

गिटारच्या रॅकसाठी स्टिरिओ व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्प कसा निवडावा, या विषयावर मराठीच्या अध्यापकांनी लिहावे अशी अपेक्षा कोणी केलेली नाही, हे आम्ही जाणून आहोत. तरीही लिहितो आहोत. ही निवड करताना जे प्रश्न आमच्यापुढे आले ते दिसायला विद्युत्‌शास्त्राचे होते. एकेक सोडवत गेल्यावर शेवटी जो उरला तो मात्र ऐकणाऱ्याविषयीचा होता. आणि ऐकणारा, वाचणारा, समोरच्या बाकावर बसलेला माणूस हा तर आपणा सर्वांच्याच व्यवसायाचा विषय आहे.

प्रथम सर्वनामाचा खुलासा करतो. या लेखातले ‘आम्ही’ राजेशाही नाही, संपादकीयही नाही. ते मोजून दोन माणसांचे अनेकवचन आहे. एम.ए.च्या वर्गात आम्ही शेजारी बसलो आणि पुढे एकाच गावातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवू लागलो. एकाला पूर्णवेळ जागा लवकर मिळाली, दुसरा बरीच वर्षे तासिका तत्त्वावर काम करीत राहिला. वयात एका वर्षाचे अंतर आहे, म्हणून सोयीसाठी एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणू. गेली वीस वर्षे रविवारी सकाळी धाकट्याच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही गिटार वाजवीत आलो आहोत. रंगमंचावर जाण्याची हौस स्नेहसंमेलनाच्या पलीकडे कधी गेली नाही. ऐकणारे म्हणून आम्हांला आम्हीच पुरत होतो.

आता रॅकविषयी. गिटारच्या सर्वसाधारण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन भाग एकाच पेटीत नांदत असतात. पहिला भाग प्रीअ‍ॅम्पचा. तारांच्या कंपनातून आलेला अतिशय क्षीण संकेत तो वाढवतो आणि त्याला रूप देतो. दुसरा भाग पॉवर अ‍ॅम्पचा. स्पीकरचा कागदी शंकू मागेपुढे ढकलण्याइतके बळ तो त्या संकेताला देतो. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये या एकत्र कुटुंबाची वाटणी झाली. तेथील व्यावसायिक वादकांना एकाच दिवसात अनेक प्रकारचे आवाज काढून द्यावे लागत आणि ते पायाच्या एका दाबासरशी बदलता यावेत अशी त्यांची गरज होती. बॉब ब्रॅडशॉ या तंत्रज्ञाने स्टीव्ह ल्यूकाथर, मायकेल लँडाऊ यांच्यासारख्या वादकांसाठी ज्या मांडण्या बांधल्या, त्यांत प्रीअ‍ॅम्प, विलंब-यंत्र, प्रतिध्वनी-यंत्र आणि पॉवर अ‍ॅम्प ही सगळी स्वतंत्र यंत्रे एका चौकटीत एकावर एक बसवलेली असत. एकोणीस इंच रुंदीची ही चौकट मूळची टेलिफोन एक्स्चेंजमधली. तिच्या एका खणाची उंची पावणेदोन इंच. १९८३ साली आलेल्या मिडी या प्रणालीमुळे ही वेगवेगळी यंत्रे एकमेकांचे हुकूम समजू लागली आणि रॅकला पूर्णत्व आले. पुढे १९९०च्या दशकात साध्या, उघड्यावाघड्या आवाजाची आवड वाढली, तशी ही फॅशन ओसरली. ओसरलेल्या फॅशनचे सामान स्वस्त होते, आणि मध्यमवर्गाचा प्रवेश नेहमी अशाच वेळी होतो. आमचाही झाला.

आमच्या चौकटीत एडीए कंपनीचा एमपी-१ हा १९८७ साली बाजारात आलेला प्रीअ‍ॅम्प आहे. त्यात १२एएक्स७ जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत आणि जुळवलेले आवाज स्मृतीत साठवण्याची सोय आहे. ऑर्केस्ट्रातून निवृत्त होणाऱ्या एका वादकाकडून आम्ही तो घेतला. त्याच्या खाली एक डिजिटल विलंब-यंत्र आहे. पॉवर अ‍ॅम्पच्या जागी मात्र मंडपवाल्याने काढून टाकलेला एक ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ अ‍ॅम्प होता. लग्नाच्या कार्यालयात जन्म काढलेला तो अ‍ॅम्प मंगलाष्टकांपासून आभारप्रदर्शनापर्यंत सर्व काही सारख्याच निर्विकारपणे मोठे करीत आला होता. आमच्या गिटारलाही त्याने तोच न्याय लावला. २०२३च्या पावसाळ्यात तो कायमचा गप्प झाला आणि खण रिकामा झाला.

त्या जागी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणायचा, यावर आमचे एकमत होते. व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते; आमच्या पिढीने तो आजोबांच्या रेडिओत पाहिलेला आहे. बटण फिरवल्यावर काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होत आणि अर्ध्याएक मिनिटाने आवाज येई. साऱ्या जगाने ज्या नळ्या टाकून दिल्या त्या गिटारवादकांनी मात्र सोडल्या नाहीत. नळीवर झेपण्यापेक्षा जास्त भार पडला, की ती आवाज एकदम तोडत नाही, वाकवते. त्या वाकण्यातच विद्युत्‌ गिटारचा अर्धा स्वभाव आहे.

मतभेद होता तो पुढच्या प्रश्नावर. पॉवर अ‍ॅम्पने स्वतःचे काही सांगावे की सांगू नये? थोरल्याचे म्हणणे असे, की आवाजाचे रूप प्रीअ‍ॅम्पने ठरवून दिलेले आहे. पॉवर अ‍ॅम्पने ते इमानाने पोचवावे, अधिक-उणे करू नये. असा ‘पारदर्शक’ म्हणून ज्याची ख्याती आहे तो व्हीएचटी कंपनीचा २/५०/२ त्याच्या मनात होता. स्टीव्हन फ्रायेट या रचनाकाराचे हे अपत्य, ईएल३४ जातीच्या नळ्यांवर दर वाहिनीला पन्नास वॅट देणारे. धाकट्याचे म्हणणे असे, की रंग नको असेल तर मंडपवाल्याचा अ‍ॅम्प काय वाईट होता? नळ्या घ्यायच्या त्या त्यांच्या रंगासाठीच.

हा वाद आम्ही काही महिने चवीने घातला, आणि तो स्पीकरने सोडवला. स्पीकरच्या पाठीवर ‘आठ ओहम’ असे लिहिलेले असते. वस्तुतः तो एक आकडा नव्हे, ती एक वक्ररेषा आहे. बारा इंची गिटार-स्पीकरचा विद्युत्‌रोध साधारणपणे ७० ते १०० हर्ट्‌झच्या आसपास एकदम उंच चढतो, मग उतरतो आणि वरच्या स्वरांकडे जाताना पुन्हा हळूहळू चढू लागतो. ट्रान्झिस्टरचा नेहमीचा अ‍ॅम्प या चढउतारांकडे लक्ष देत नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा स्वतःचा अंतर्गत रोध मोठा असल्यामुळे त्याला असे दुर्लक्ष करता येत नाही. स्पीकर जेथे अधिक रोध दाखवतो तेथे त्याचा दाब वाढतो. परिणामी खर्ज गोल होतो आणि वरचे स्वर उजळतात. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडला, की ही सवय आटोक्यात येते, पण नाहीशी होत नाही. बहुतेक अशा अ‍ॅम्पवर ‘प्रेझेन्स’ नावाची जी खुंटी असते ती एवढेच करते: वरच्या स्वरांपुरता तो लगाम सैल सोडते. म्हणजे ज्याला पारदर्शक म्हणतात तो लगाम घट्ट धरलेला अ‍ॅम्प, आणि ज्याला रंगीत म्हणतात तो लगाम सैल सोडलेला. दोघेही स्पीकरचे ऐकून घेत असतात; कमी की जास्त, एवढाच फरक.

हे समजले तेव्हा आम्हांला आमचा एक जुना वाद आठवला. वर्गात कविता वाचून दाखवताना थोरला आवाजाचे चढउतार कटाक्षाने टाळतो. अर्थ विद्यार्थ्यांनी काढावा, आपण आपला सूर मध्ये घालू नये, अशी त्याची भूमिका. धाकटा कविता रंगवून वाचतो. पण सपाट वाचनालाही कोठे थांबायचे हे ठरवावेच लागते आणि ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास हाही एक अर्थ लावणेच असते. उलट, रंगवून वाचणाऱ्यालाही समोरची तिसरी रांग पेंगते आहे की कान देते आहे त्याप्रमाणे आवाज बदलावा लागतो. निर्विकार वाचन आणि निर्विकार अ‍ॅम्प या दोन्ही गोष्टी कल्पना म्हणून उपयोगी आहेत. बाजारात किंवा वर्गात त्या भेटत नाहीत. त्यामुळे ‘रंग असावा का’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणता रंग, किती, आणि कोणासाठी’ हा प्रश्न पुढे आला. यातला शेवटचा शब्द तेव्हा आम्ही सहज उच्चारला होता.

उमेदवारांची यादी केली. बहुतेक यंत्रांचे उत्पादन थांबलेले असल्याने ती जुन्या बाजारातूनच घ्यावी लागणार होती. मेसा बूगीचा टू-नाइन्टी हा दर वाहिनीला नव्वद वॅट देणारा दांडगा गडी. त्याच घरचा ट्वेन्टी-ट्वेन्टी हा एका खणात मावणारा धाकटा भाऊ. मार्शलचा ९२००, दर वाहिनीला शंभर वॅट. पीव्हीचे दोन: क्लासिक ६०/६० आणि क्लासिक ५०/५०, पहिला ६एल६ नळ्यांवर चालणारा, दुसरा ईएल८४ नळ्यांवर. ६एल६ ही १९३६ साली आलेली अमेरिकी नळी. तिचा आवाज रुंद आणि ताठ समजला जातो. ईएल३४ मधल्या स्वरांत गुरगुरते. ईएल८४ लहान, लवकर वाकणारी, वरच्या स्वरांत चमकणारी. हे सगळे एका डिजिटल पेटीत मिळते, असे आमचे माजी विद्यार्थी सांगत. २००६ साली आलेल्या अ‍ॅक्स-एफएक्सपासून ती विद्या फारच पुढे गेली आहे. प्रतिकृतीविषयी आम्हांला तिरस्कार नाही, आम्ही अनुवादित साहित्याचा पेपर शिकवतो. पण स्पीकरचे ऐकून घेणारा जो अ‍ॅम्प नुकताच समजला होता, त्याच्याशी प्रत्यक्ष संसार करून पाहायचा होता.

निवड एवढ्यावर आली असताना २०२४च्या जानेवारीत एका सकाळी थोरला उठला तेव्हा त्याचा डावा कान बंद होता. सर्दी असेल असे वाटले. दुपारपर्यंत कानात बारीक शिट्टी सुरू झाली आणि जिना उतरताना तोल जाऊ लागला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी श्रवणचाचणीचा आलेख काढला: उजव्या कानाची रेषा वर, जवळपास सरळ, डाव्याची खाली कोसळलेली. आतल्या कानाला अचानक येणारे हे बहिरेपण बहुतेकदा कारण न सांगता येते. स्टेरॉईडचा उपचार लवकर सुरू केल्यास काहींचे ऐकणे परत येते. थोरल्याचा उपचार दुसऱ्याच दिवशी सुरू झाला, पूर्ण झाला, आणि आलेख होता तेथेच राहिला.

एका कानाने ऐकू येते, मग काय बिघडले, असे न अनुभवणाऱ्याला वाटते. बिघडते ते असे: आवाज ऐकू येतो, पण तो कोठून आला हे कळत नाही. डावीकडच्या शेवटच्या बाकावरून ‘सर’ अशी हाक आली, की थोरला उजवीकडे पाही. मुले पहिल्यांदा हसली, मग गप्प झाली, मग प्रश्न विचारण्याआधी हात वर करू लागली. प्राध्यापक-कक्षात चार जण एकदम बोलत असले, की त्याला गोंगाटातून एक आवाज वेगळा काढता येईना. तो मान हलवून हसू लागला, आणि ज्याने त्याला पंचवीस वर्षे ओळखले आहे त्याला कळे, की याने वाक्य ऐकलेले नाही.

रविवारच्या बैठका महिनाभर बंद होत्या. पुन्हा सुरू झाल्या त्या दिवशी अ‍ॅम्पचा विषय निघाला. थोरला तारा जुळवता जुळवता, मान वर न करता म्हणाला, “अरे, आता मोनोच घे. एक वाहिनी, एक कॅबिनेट. दुसऱ्या बाजूचे पैसे कशाला घालवतोस?”

मराठीच्या माणसाला अशा वेळी आशयाआधी व्याकरण टोचते. आपल्या भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन आहेत, हे आम्ही दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगतो: ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत घेते. गेल्या वीस वर्षांतल्या आमच्या सगळ्या खरेद्या ‘घेऊ’ या क्रियापदाने झाल्या होत्या; तारांचे संच, प्रीअ‍ॅम्प, अगदी मंडपवाल्याचा अ‍ॅम्पसुद्धा. ‘घे’ प्रथमच आले होते. त्या आज्ञार्थात एक माणूस खोलीतून हळूच बाहेर पडत होता. धाकट्याने त्या दिवशी उत्तर दिले नाही.

उत्तर देण्यासाठी स्टिरिओ म्हणजे काय, हे नीट पाहणे भाग होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घन’, भरीव. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून तिचा गाभा दोन कान हाच आहे. आवाज एका कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, दुसऱ्याला नंतर आणि लहान. त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. एक कान वजा केला की फरक उरत नाही, आणि फरक उरला नाही की दिशा उरत नाही. या हिशेबाने थोरल्याचे म्हणणे बिनतोड होते.

पण गिटारच्या रॅकमधला स्टिरिओ हा हेडफोनमधला स्टिरिओ नव्हे. १९७५ साली जपानच्या रोलंड कंपनीने जेसी-१२० हा अ‍ॅम्प आणला. तो ट्रान्झिस्टरचा आहे, पण मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे. त्याच्या कोरसमध्ये एका स्पीकरमधून सरळ आवाज येतो आणि दुसऱ्यातून त्याचीच किंचित मागेपुढे हेलकावणारी प्रत. दोन्हींचे मिश्रण कोणत्याही तारेत होत नाही. ते दोन स्पीकरांच्या मधल्या हवेत होते. तेथे दोन लाटा कोठे एकमेकींना उचलून धरतात, कोठे पुसून टाकतात, आणि त्यातून ती परिचित थरथर जन्मते. ती कानांच्या आधी तयार झालेली असते. मग ती ऐकायला दोन कान लागतातच असे नाही.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात व्यंग्यार्थासाठी घंटेच्या अनुरणनाची उपमा योजली, हे आपण सारे शिकवतो. टोला पडून गेल्यावर जे घुमत राहते ते टोल्यात नसते, पण टोल्यावाचूनही नसते. हा दाखला आम्ही आजवर अर्थाविषयी वापरला होता. त्या आठवड्यात तो प्रथमच ध्वनीच्या शब्दशः अर्थाने आमच्या उपयोगी पडला. यंत्र दोन टोले देते. घुमणे खोलीचे असते.

पुढच्या रविवारी धाकट्याने ओळखीच्यांकडून दोन लहान अ‍ॅम्प उसने आणले आणि खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले. थोरल्याला मध्यभागी खुर्चीवर बसवले आणि डोळे मिटायला सांगितले. प्रयोग साधा होता. कधी सरळ आवाज एका अ‍ॅम्पला आणि हेलकावणारी प्रत दुसऱ्याला द्यायची. कधी दोन्ही आधीच एकत्र करून दोघांना सारखेच द्यायचे. कोणते चालू आहे ते थोरल्याने सांगायचे. पंधरा फेऱ्यांत तो एकदाच अडखळला. एकत्र करून दिलेला आवाज त्याला पाण्याखालून आल्यासारखा, जागच्या जागी हेलकावणारा वाटे. हवेत मिसळलेल्या आवाजाला तो म्हणाला, “हा चालतोय. डोकं वळवलं की बदलतोय. पहिला नुसता डोलतोय.”

मग विलंब-यंत्राचा खेळ लावला: स्वर एकदा उजवीकडून उमटावा, एकदा डावीकडून, पुन्हा उजवीकडून. येथे तो हरेल असे आम्हां दोघांनाही वाटत होते, कारण हा शुद्ध दिशेचा खेळ. थोरला बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “डावं-उजवं काही कळत नाही रे. पण एक उन्हात वाजतंय, एक सावलीत.” कारण उघड होते. डावीकडून येणारा आवाज उजव्या कानाला पोचण्यासाठी डोक्याला वळसा घालतो. खालचे स्वर सहज वळतात, वरचे डोक्याच्या आडोशाला अडतात. म्हणून उजवीकडचा स्वर त्याला उजळ ऐकू येत होता आणि डावीकडचा झाकोळलेला. दिशा हरवली होती. तिची जागा रंगाने घेतली होती. दोन कानांच्या माणसाला हा ऊन-सावलीचा खेळ इतका ठळक ऐकू येत नाही, कारण त्याचा मेंदू त्याचे रूपांतर लगेच डाव्या-उजव्यात करून मोकळा होतो. धाकट्याने एक कान बोटाने घट्ट बंद करून पाहिले, तेव्हा त्याला तो अस्पष्टसा कळला.

स्टिरिओचा प्रश्न तेथे मिटला. पण आता निवडीचे सगळे निकषच नव्याने मांडावे लागले. पहिला गेला तो वॅटचा मोह. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो. वीस आणि नव्वद वॅट यांत फरक साडेसहा डेसिबलचा. सेलेस्टियन व्हिन्टेज ३० हा लोकप्रिय गिटार-स्पीकर एका वॅटला एका मीटरवर शंभर डेसिबल आवाज देतो. अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी करते. म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे. दहा बाय बाराच्या खोलीत, उरलेल्या एका कानापुढे, नव्वद वॅट दर वाहिनीचे यंत्र ठेवणे ही हौस राहत नाही. लहान यंत्राचा दुसरा लाभ असा, की त्याच्या नळ्या लवकर वाकू लागतात. रंग मिळवण्यासाठी भिंती हलवाव्या लागत नाहीत. तरीही आम्ही आता घड्याळ लावून वाजवतो.

दुसरा निकष: प्रत्येक वाहिनीला आपापला व्हॉल्यूम असावा, कारण आमच्या खोलीत दोन बाजू सारख्या असण्याचे प्रयोजन उरलेले नाही. तिसरा: वरचे स्वर स्पष्ट असावेत, कारण ऊन-सावलीचा सगळा खेळ त्यांच्यावर चालतो. तिन्ही निकष ईएल८४कडे बोट दाखवत होते. आम्ही मेसा बूगीचा ट्वेन्टी-ट्वेन्टी घेतला: चार ईएल८४, दर वाहिनीला वीस वॅट, एक खण. त्याच्या जोडीला बारा इंची स्पीकरची दोन साधी कॅबिनेटे सुताराकडून करून घेतली. ‘पारदर्शक की रंगीत’ या मूळ वादात कोण जिंकले, हे सांगता येणार नाही. त्या वादातले दोघेही दोन कानांचे होते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो, कारण असे यंत्र घेऊ पाहणाऱ्या वाचकाला त्यांचा उपयोग होईल. आमचे यंत्र अमेरिकेतून आलेले, म्हणजे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झसाठी बांधलेले. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येते, हर्ट्‌झ तसेच राहतात, आणि कमी हर्ट्‌झवर यंत्रातला मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या कारागिराने आमचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, साठवर बनलेलं मशीन पन्नासवर गरम होणारच. एकशेवीस देऊ नका, एकशेदहा द्या. त्याला थोडा आराम मिळेल.” सिद्धांताने तपासून पाहिले, सल्ला बरोबर होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता वाजवू नये. भार नसलेल्या वाहिनीत संकेत शिरला, की निर्गम ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळून तो जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला एक बाजू मोकळी सोडलेली चालते. येथे चालत नाही. एकच वाहिनी वापरायची असली तरी दुसरीची सोय लावावीच लागते.

तेव्हा आमच्या अनुभवाने निवडीचा क्रम असा ठरतो: आधी खोली पाहावी, मग त्या खोलीत कोण, कोठे बसून ऐकणार आहे ते पाहावे, मग स्पीकर, आणि सगळ्यांत शेवटी अ‍ॅम्प. विकणारे हा क्रम उलटा सांगतात. साहित्याच्या अध्यापनातही अभ्यासक्रम आधी येतो आणि विद्यार्थी शेवटी, हे आपण पाहतोच. थोरल्याने यंदा वर्गातली आपली जागा बदलली आहे. तो फळ्यासमोर मध्यभागी उभा न राहता डाव्या भिंतीशी उभा राहतो, म्हणजे सगळा वर्ग त्याच्या उजव्या हाताला येतो. हाक कोणाची, हे अजून कळत नाही. पण कोणतीही हाक आता सावलीत पडत नाही.

नळ्यांचे आयुष्य मर्यादित असते, आणि ईएल८४ तर तापटच. त्या आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या देशांत बनतात. २०२२च्या मार्चमध्ये रशियातून येणारा पुरवठा अडला तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धावपळ उडाली होती. म्हणून चार नळ्यांचा एक जुळवलेला संच जवळ असू द्यावा, असे धाकट्याने गेल्या रविवारी सुचवले. किंमतही सांगितली. थोरला उजवा कान त्याच्याकडे करून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “दोन संच घेऊ.”